आग, खाज आणि नाव : नाशिकच्या वनस्पतिग्रंथांतील देशी नावांची चिकित्सा

१

वनस्पतिग्रंथांत एखाद्या जातीच्या शास्त्रीय नावापाठोपाठ जे देशी नाव छापलेले असते, त्याकडे अभ्यासकाची दृष्टी क्वचितच स्थिरावते. शास्त्रीय नावाची चिकित्सा ही त्या शास्त्राची एक स्वतंत्र शाखाच आहे. ते नाव प्रथम कोणी दिले, कोणत्या ग्रंथात दिले, कोणत्या नमुन्यावरून दिले आणि पुढे कोणी बदलले, याचा हिशेब तेथे काटेकोरपणे ठेवला जातो. देशी नावाला मात्र असा कोणताच हिशेब लागू नसतो. ते कोठे ऐकले, कोणाकडून ऐकले, कोणत्या बोलीतले आहे, हे सांगण्याची जबाबदारी ग्रंथकार आपल्यावर घेत नाही. एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेल्या या दोन नावांपैकी एकाला पुराव्याचे ओझे आहे आणि दुसऱ्याला नाही. या विषमतेतून कोणते दोष निर्माण होतात, हे एका सामान्य, सर्वत्र उगवणाऱ्या आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेल्या वनस्पतीच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ही वनस्पती म्हणजे अर्टिकेसी कुलातील, म्हणजे ज्याला इंग्रजीत नेटलचे कुल म्हणतात त्या कुलातील, ‘लॅपोर्टिया इंटरप्टा’ होय. पूर्व आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका व आग्नेय आशिया यांमधून थेट पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत तिचा विस्तार आहे. ती एका पावसाळ्याची सोबतीण आहे. पहिल्या सरींनंतर रुजते, पडीक जागी, कुंपणाच्या कडेला, ओलसर सावलीत वाढते आणि थंडी संपण्यापूर्वी बी टाकून वाळून जाते. पाने एकाआड एक, लांब देठांची, रुंद अंडाकृती, टोकदार व करवती काठांची असतात. पानांच्या बगलेतून लांब, बारीक तुरे निघतात आणि त्यांवर हिरवट, अतिसूक्ष्म फुलांचे पुंजके थोडथोड्या अंतराने बसलेले असतात. तुऱ्यातील या खंडांवरूनच तिला ‘इंटरप्टा’, म्हणजे खंडित, हे विशेषण मिळाले. नरफुलातील केसर कळीत आत वळलेले असतात. फूल उमलताना ते एकदम ताठ होऊन पराग हवेत उडवितात. खोडावर व पानांवर विरळ दंशकेश असतात. त्यांचा दंश तिच्याच कुलातील काही थोर मंडळींच्या मानाने सौम्य असतो, परंतु उघड्या पोटरीला तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात अशा वनस्पतीला विचारले असता जे नाव मिळते ते बहुधा ‘आग्या’ असते. प्रश्न येथूनच सुरू होतो. ‘आग्या’ हे एका वनस्पतीचे नाव नव्हे, ते एका अनुभवाचे नाव आहे.

२

प्रथम विद्वानांनी दिलेल्या नावाचा इतिहास पाहणे योग्य होईल, कारण देशी नावाच्या चिकित्सेला लागणारा मानदंड त्यातूनच मिळतो.

लिनीअसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात या वनस्पतीला ‘अर्टिका इंटरप्टा’ असे नाव दिले. म्हणजे युरोपातील नेटलच्याच प्रजातीत तिला बसविले. पुढे फ्रेसिने यांच्या सागरी मोहिमेबरोबर गेलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गोदिशो यांनी १८३०च्या सुमारास तिला ‘फ्लूरिया’ या नव्या प्रजातीत हलविले. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक भारतीय ग्रंथांत ती ‘फ्लूरिया इंटरप्टा’ या नावानेच आढळते. १९६५ साली सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातील च्यू यांनी फ्लूरिया ही प्रजाती लॅपोर्टियामध्ये विलीन केली आणि आज प्रचलित असलेले नाव सिद्ध झाले. तेही अखेरचे आहे असे नाही. अलीकडील रेणवीय अभ्यासांवरून लॅपोर्टिया म्हणून एकत्र केलेल्या सर्व जाती एकाच पूर्वजाच्या नसाव्यात असे दिसू लागले आहे. गोदिशोंची जुनी विभागणी उद्या काही अंशी पुन्हा जागी झाली तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

या इतिहासात नाव दोन वेळा बदलले, पण नावाचा माग कधी हरवला नाही. शास्त्रीय नावापुढे आज कंसात लिनीअसचे आणि कंसाबाहेर च्यू यांचे नाव लिहिले जाते. मधले गोदिशो या सूत्रात दिसत नसले तरी पर्यायी नावांच्या यादीत ते सुरक्षित आहेत. नाव चुकीचे ठरले तरी चूक कोणाची, केव्हाची आणि कोणत्या पुराव्यावरची हे सांगता येते. चुकीचाही पत्ता ठेवण्याची ही शिस्त हेच शास्त्रीय नामकरणाचे खरे सामर्थ्य होय.

कुलाच्या बाबतीतही हेच घडले. बेंथम व हूकर यांच्या ‘जेनेरा प्लँटारम’मध्ये (१८६२–१८८३) अर्टिकेसी हे कुल अतिशय विस्तृत मानलेले होते. हूकर यांच्या ‘ब्रिटिश भारताच्या वनश्री’त आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवून थिओडोर कुक यांच्या ‘मुंबई इलाख्याच्या वनश्री’त (१९०१–१९०८) हीच मांडणी स्वीकारली गेली. या मांडणीप्रमाणे वड, पिंपळ, उंबर व फणस ही झाडे दंश करणाऱ्या क्षुद्र नेटलच्या कुलात बसत. ज्या पाच वडांवरून नाशिकच्या पंचवटीला तिचे नाव मिळाले अशी परंपरा आहे, ते पाचही वड कुक यांच्या ग्रंथानुसार अर्टिकेसीचे सदस्य होत. फुलांची सूक्ष्मता, पाकळ्यांचा अभाव, एकलिंगी फुले व एकच बीज या लक्षणांवर ही सोयरीक जुळविलेली होती. पुढे वड-उंबरांचे मोरेसी हे कुल वेगळे मानले गेले आणि आजच्या वर्गीकरणात ही दोन्ही कुले गुलाबाच्या गणात शेजारी शेजारी उभी आहेत. म्हणजे सोयरीक अगदीच खोटी नव्हती, फक्त जवळिकीची मात्रा चुकली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकव्यवहारात वड आणि आग्या यांना कोणी एका घरचे मानले नसते. विद्वानांच्या डोळ्याने फूल पाहिले आणि त्यांना नाते दिसले. लोकांच्या त्वचेने पान पाहिले आणि त्यांना वेगळेच नाते दिसले. ही दुसरी नातेव्यवस्था कोणती, याचा विचार वनस्पतिग्रंथांनी केलेला नाही.

३

मराठीत स्पर्शाने त्रास देणाऱ्या वनस्पतींसाठी प्रामुख्याने तीन नावे प्रचारात आहेत : आग्या, खाजकोलती आणि खाजकुहिली. ग्रंथांतून व बोलण्यातून ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. शास्त्रदृष्ट्या मात्र ही तीन नावे किमान तीन कुलांत विखुरलेली आहेत.

खाजकुहिली ही शेंगावर्गीय वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘म्यूकुना प्रुरिएन्स’. तिच्या शेंगेवर दाट, सोनेरी-तपकिरी लव असते आणि उपद्रव होतो तो या लवेचा, पानांचा नव्हे. खाजकोलती ही एरंडाच्या कुलातील, ‘ट्रॅजिया’ या प्रजातीतील, बारीक वेलवजा वनस्पती आहे. तिच्या अंगभर दंशकेश असतात. आग्या हे नाव नेटलच्या कुलातील लॅपोर्टिया आणि ‘जिरार्डिनिया’ या वनस्पतींना लावले जाते, पण तेवढ्यावरच थांबत नाही. कित्येक ठिकाणी खाजकोलतीलाही आग्याच म्हणतात. त्यांतील जिरार्डिनिया ही घाटमाथ्यावरील ओलसर रानात माणसाच्या उंचीपर्यंत वाढणारी, मोठ्या खंडित पानांची वनस्पती असून तिचा दंश एकदा अनुभवलेला मनुष्य तो विसरत नाही.

हा घोळ आहे असे मानून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु या नावांच्या घटकांकडे पाहिले म्हणजे त्यांत एक व्यवस्था दिसू लागते. मराठीने त्वचेच्या दोन पीडा वेगळ्या मानल्या आहेत : आग आणि खाज. आग होते, खाज सुटते. आगीवर फुंकर घालतात, खाजेवर नखे चालवितात. भाषेने ‘आग्या’ हे विशेषण आग्या मोहोळ, आग्या माशी व आग्या वेताळ यांना दिले, कारण त्यांचा उपद्रव जाळणारा, तत्काळ आणि तीव्र आहे. त्याच पंक्तीत तिने या वनस्पतीला बसविले. खाजकुहिलीला मात्र तिने आगीचे विशेषण दिले नाही. संस्कृतातही या वेलीला ‘कपिकच्छू’ म्हणतात, आणि ‘कच्छू’ म्हणजे खाजच होय.

शरीरशास्त्राने गेल्या शतकभरात या दंशांची जी उकल केली आहे ती या भेदाला बळकटी देणारी आहे. नेटलच्या दंशकेशाचे सूक्ष्मदर्शकातून दिसलेले रूप रॉबर्ट हूक यांनी १६६५ सालीच ‘मायक्रोग्राफिया’त वर्णिले होते. हा केश म्हणजे एक लांबट पेशी असते. तिची भिंत सिलिकेने व चुन्याने कडक झालेली असते आणि टोकाशी एक सूक्ष्म गोळी असते. स्पर्श होताच गोळी मोडते, तिरकस तुटलेले टोक सुईसारखे त्वचेत शिरते आणि पेशीतील द्रव आत जातो. १९४७ साली एमेलिन व फेल्डबर्ग यांनी युरोपीय नेटलच्या या द्रवात हिस्टामीन व असेटिलकोलीन असल्याचे दाखविले. पुढे १९५६ साली त्यात सेरोटोनिनचीही भर पडली. त्वचेवर तत्काळ आग होणे आणि गांधी उठणे हा या द्रव्यांचा परिणाम होय. अंगावर गांधी उठण्याच्या विकाराला पाश्चात्त्य वैद्यकात ‘अर्टिकेरिया’ म्हणतात, ते नाव याच कुलावरून आलेले आहे.

खाजकुहिलीच्या लवेची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील ‘म्यूकुनेन’ हे प्रथिनभंजक द्रव्य शेली व आर्थर यांनी १९५५ साली वेगळे दाखविले. पुढील संशोधनाने हे स्पष्ट केले की या द्रव्याने सुटणारी खाज हिस्टामीनच्या मार्गाने जात नाही, ती त्वचेतील वेगळ्या ग्राहकांना चेतविते. म्हणून हिस्टामीनविरोधी औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. अर्थात आग आणि खाज या दोन पीडा केवळ शब्दाच्या नाहीत, त्यांमागील यंत्रणाही वेगळ्या आहेत.

आता राहते खाजकोलती. तिच्या केशाची रचना तिसऱ्याच प्रकारची आहे. त्यातील मधल्या पेशीत कॅल्शियम ऑक्झॅलेटचा टोकदार स्फटिक असतो. तो प्रथम त्वचा भेदतो आणि त्या छिद्रातून पेशीरस आत जातो. परिणामी टोचणे, आग व खाज हे तिन्ही अनुभव एकत्र येतात. आयुर्वेदातील ‘वृश्चिकाली’ ही हीच वनस्पती असे अनेक अभ्यासक मानतात. ती ओळख मान्य केली तर संस्कृत नावाने तिच्या टोचण्याचीच नोंद विंचवाच्या रूपकाने केली आहे असे म्हणता येते. मराठी नाव मात्र अधिक बारकाईचे दिसते. ‘कोलती’ हा घटक ‘कोलीत’, म्हणजे जळते लाकूड, या शब्दाशी जोडता येतो. तसे असेल तर ‘खाजकोलती’ या एका शब्दात खाज आणि आग ही दोन्ही सामावली आहेत. ही व्युत्पत्ती अंतिम म्हणून येथे मांडलेली नाही, पण ती तपासून पाहण्याजोगी निश्चित आहे. ती टिकली तर असे म्हणावे लागेल की भाषेने या तीन वनस्पतींची विभागणी फुलांवरून नव्हे तर पीडेच्या जातीवरून केली आणि आपल्या साधनांच्या मर्यादेत ती बरीच नेमकी केली.

येथे एक आक्षेप संभवतो. ही विभागणी एवढी नेमकी असेल तर ‘आग्या’ हे नाव लॅपोर्टिया, जिरार्डिनिया आणि प्रसंगी खाजकोलती यांच्यामध्ये फिरते कसे? याचे उत्तर नावाच्या स्वरूपात आहे. ‘आग्या’ हे मुळात विशेषण आहे, आणि विशेषण ज्याला गुण लागू पडेल त्याला लागते. ‘खाजकोलती’ व ‘खाजकुहिली’ ही नामे आहेत आणि ती विशिष्ट वनस्पतींना चिकटलेली आहेत. वनस्पतिग्रंथ जेव्हा विशेषणाला नाम समजून एका शास्त्रीय नावापुढे छापतो तेव्हा चूक लोकभाषेची नसते, नोंदणाऱ्याची असते.

४

ही चूक एखाद्या ग्रंथकाराची नाही, ती ग्रंथप्रकाराची आहे. पश्चिम भारताच्या वनस्पतिग्रंथांची परंपरा जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ सालच्या ‘मुंबई व परिसरातील वनस्पतींच्या सूची’पासून धरता येते. ग्रॅहम ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच वारले आणि तो निम्मो यांनी पूर्ण केला. त्यानंतर १८६१ साली डॅल्झेल व गिब्सन यांची ‘मुंबईची वनश्री’ आली. त्यांपैकी गिब्सन हे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक व इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. मग कुक आले. कुक मूळचे अभियंते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे पश्चिम भारताच्या वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख. सेवानिवृत्तीनंतर क्यू येथे बसून त्यांनी दोन खंडांचा आपला ग्रंथ सिद्ध केला. त्याची योग्यता अशी की अर्ध्या शतकानंतर, १९५८ साली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तो तीन खंडांत पुन्हा छापला आणि आजही त्याच्यावाचून महाराष्ट्रातील वनस्पतींचा अभ्यास सुरू होत नाही.

या ग्रंथाचे गुण वादातीत आहेत. वर्णने नेमकी आहेत, ओळखीच्या किल्ल्या चालतात, पूर्वसूरींचे ऋण प्रामाणिकपणे मान्य केलेले आहे. परंतु देशी नावांच्या बाबतीत कुक यांनी परंपरेचीच वाट धरली. जेथे मराठी नाव दिले आहे तेथे ते एखाददुसऱ्या शब्दात येते. ते कोणत्या गावचे किंवा कोणत्या समाजाच्या तोंडचे, याचा उल्लेख नाही. ज्या जातीचा नमुना कोठे सापडला हे सांगताना संग्राहकाचे नाव देण्याइतकी दक्षता घेणारा ग्रंथकार नाव सांगणाऱ्या माणसाची दखल घेत नाही. वनस्पतीचा संग्राहक आहे, नावाचा संग्राहक नाही.

दुसरा दोष स्थळविभागणीचा. कुक यांनी इलाख्याचे कोकण, दख्खन, गुजरात, सिंध, दक्षिण मराठा मुलूख, उत्तर कानडा असे ढोबळ विभाग केले. या विभागणीत नाशिक जिल्हा दख्खनमध्ये पडतो. परंतु नाशिक हा एक जिल्हा नव्हे, पावसाच्या दृष्टीने पाहिले तर ते दोन देश आहेत. पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे तालुकेही भरपूर पावसाचे आहेत. पूर्वेस येवला, सिन्नर, मालेगाव येथे तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. लॅपोर्टियासारख्या ओल्या सावलीत जगणाऱ्या वनस्पतीचे घर पश्चिमेच्या तालुक्यांत आहे. तिला ‘दख्खन’ या शब्दाने निर्दिष्ट केले की तिच्या जगण्याची अटच दृष्टीआड होते. हा दोष पुढे बऱ्याच अंशी दूर झाला. लक्ष्मीनरसिंहन व शर्मा यांचा ‘नाशिक जिल्ह्याची वनश्री’ हा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ साली जिल्हावार ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. जिल्हा हे एकक धरल्याने वनस्पती आणि तिचे ठिकाण यांचा संबंध पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट झाला. वनस्पतीचा पत्ता तालुक्यापर्यंत पोचला. नावाचा पत्ताही त्याच शिस्तीने नोंदविण्याची परंपरा मात्र या ग्रंथप्रकारात रुजली नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे आणि तो भाषेविषयीच्या गृहीतकाचा आहे. महाराष्ट्रातील वनस्पतिग्रंथ देशी नावाला ‘मराठी’ असा शिक्का मारून मोकळे होतात. नाशिक जिल्ह्यात हा शिक्का फार थोडे सांगतो. बागलाण, कळवण, मालेगाव या बाजूला अहिराणी चालते. सुरगाणा व पेठ येथे कोकणा समाजाची स्वतःची बोली आहे. महादेव कोळी, वारली, भिल्ल व ठाकर यांची वस्ती जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत पसरलेली आहे. रानातील वनस्पतींशी ज्यांचा रोजचा संबंध येतो ते बहुतांशी हेच लोक होत. म्हणजे ज्यांच्याकडून नाव घ्यावयाचे त्यांची भाषा ‘मराठी’ या एका शब्दात विरघळते आणि नावाचे अर्धे मूल्य तेथेच नष्ट होते.

या संदर्भात कालानुक्रम उद्बोधक आहे. ग्रॅहम यांची सूची मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दोन आवृत्त्यांच्या (१८३१ व १८५७) मधल्या काळात निघाली. कुक यांचे खंड १९०१ ते १९०८ या काळात निघत होते, तेव्हाच ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचे खंड बाहेर पडत होते. मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला, तर खानदेशीला भिल्ल भाषांबरोबर स्थान देणारा नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली आला. एकाच भूमीची, एकाच राज्ययंत्रणेच्या छत्राखाली, एकाच दशकात दोन महान सर्वेक्षणे चालली होती. एकाने तेथील वनस्पती मोजल्या, दुसऱ्याने तेथील बोली. वनस्पतीचे देशी नाव हे या दोन्ही सर्वेक्षणांच्या सीमेवरचे पीक होते आणि सीमेवरचे असल्यामुळेच ते कोणाच्याच कोठारात नीट पोचले नाही. आज विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र विभाग आणि भाषा विभाग यांच्या इमारती वेगळ्या आहेत तोवर हीच स्थिती पुढे चालत राहण्याचा संभव आहे.

५

वनस्पतिशास्त्रज्ञांकडून या टीकेला एक सरळ उत्तर येऊ शकते, आणि ते विचारात घेणे न्याय्य होईल. वनस्पतिग्रंथाचे काम जातीची निश्चिती करणे हे आहे. देशी नाव ही वाचकाच्या सोयीसाठी केलेली भर आहे, ते शास्त्राचे अंग नव्हे. मग त्यावर शास्त्रीय नावाचे नियम लादणे अन्यायाचे नाही काय? हे उत्तर ग्रंथकाराच्या हेतूपुरते खरे आहे, ग्रंथाच्या उपयोगापुरते खरे नाही. छापलेले नाव ग्रंथाबाहेर जाते. ते कोशकार उचलतो, पाठ्यपुस्तक उचलते, औषधी वनस्पतींच्या याद्या उचलतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला मूळ ग्रंथाची प्रतिष्ठा चिकटलेली असते. सोय म्हणून दिलेली गोष्ट प्रमाण म्हणून वापरली जाते.

याचे परिणाम दोन क्षेत्रांत स्पष्ट दिसतात. पहिले क्षेत्र वैद्यकाचे. खाजकुहिलीच्या बियांत ‘एल-डोपा’ असते, हे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली दाखविले आणि कंपवातावरील उपचारात तिला आज महत्त्व आहे. खाजकोलतीची मुळे वेगळ्याच कारणांसाठी औषधात वापरली जातात. लॅपोर्टियाचा त्या दोहोंशी काहीही संबंध नाही. ‘आग्याचे मूळ’ अशी नोंद एखाद्या प्रबंधात झाली आणि नमुना जपून ठेवलेला नसला, तर ती नोंद या तिघींपैकी कोणाची हे पुढील संशोधकाला कधीच ठरविता येणार नाही. तिच्यावर उभारलेली रासायनिक परीक्षा व्यर्थ ठरेल, आणि कोणी ती औषध म्हणून घेतली तर ती केवळ व्यर्थ ठरून थांबणार नाही.

दुसरे क्षेत्र साहित्याचे. इंग्रजी ‘नेटल’ या शब्दाला मराठीत ‘खाजकुहिली’ हा प्रतिशब्द देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे खोडाला दंशकेश असलेली उभी रोपटी अनुवादात शेंगेला लव असलेली वेल बनते. हान्स आंडरसन यांच्या ‘रानहंस’ या कथेतील एलिसा आपल्या अकरा भावांसाठी नेटलच्या तंतूंचे अंगरखे विणते. कथेचा सारा भार या तपशिलावर आहे : जी वनस्पती हात जाळते तिच्यापासूनच वस्त्र होते. आणि हे कल्पनारम्य नाही. अर्टिकेसी कुलातील कित्येक जातींच्या सालीत बळकट तंतू असतो. रॅमी हा याच कुलातला, आणि नेपाळात जिरार्डिनियाच्या तंतूला ‘अल्लो’ म्हणतात व त्याचे कापड विणतात. हीच जिरार्डिनिया सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उगवते. अनुवादकाने येथे ‘खाजकुहिली’ लिहिले तर एलिसाच्या हाताला खाज सुटते, पण अंगरखा विणला जात नाही. ‘आग्या’ लिहिले तर हातही जळतो आणि तंतूही निघतो. योग्य शब्द भाषेत होता. कोशांनी तो पुढे केला नाही, कारण वनस्पतिग्रंथांनी तो त्यांच्या हाती नीट दिला नव्हता.

उपाय अवघड नाही. देशी नाव नोंदताना त्याबरोबर गावाचे नाव, सांगणाऱ्याची बोली व ऋतू यांची नोंद व्हावी. नाव वनस्पतीच्या कोणत्या भागामुळे आणि कोणत्या अनुभवावरून पडले हे विचारले जावे. नोंदीला जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक जोडलेला असावा. विशेषण कोणते आणि नाम कोणते हे ओळखण्याइतपत व्याकरणाची जाण नोंदणाऱ्यास असावी, अथवा ती असलेला सहकारी त्याच्याबरोबर असावा. सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव जाहीर करण्याचे कारण नाही, परंतु तिचे अस्तित्व मान्य केले पाहिजे. नाशिकसारख्या जिल्ह्यात इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि कळवण या चार तालुक्यांत केवळ दंश करणाऱ्या वनस्पतींपुरते असे काम झाले तरी दोन प्रश्नांचा निकाल लागेल. ‘आग्या’ या विशेषणाची व्याप्ती कोठे किती आहे हे कळेल. आणि आग व खाज यांचा मराठीतला भेद अहिराणीत व कोकणा बोलीत तसाच टिकतो की निराळ्या रेषेवर पडतो, हेही कळेल. दुसरा प्रश्न भाषाशास्त्राला महत्त्वाचा आहे. पीडेचे वर्गीकरण बोलीबोलीत बदलत असेल तर वर मांडलेला निष्कर्ष केवळ प्रमाण मराठीपुरता उरेल. बदलत नसेल तर तो शरीराच्या अनुभवाशी जोडलेला आहे असे अधिक ठामपणे म्हणता येईल.

कुक यांच्या ग्रंथाने नेटलला वडाच्या पंक्तीत बसविले, ते फुलाच्या पुराव्यावर. पुढील पिढ्यांनी ती पंगत मोडली, तीही पुराव्यावरच. हे शक्य झाले कारण पुरावा जपलेला होता. लोकांनी आग्या, खाजकोलती व खाजकुहिली यांची जी पंगत मांडली तिच्यामागेही पुरावा होता, पण तो त्वचेचा होता आणि तो कोणी टिपून ठेवला नाही. म्हणून ती बरोबर आहे की चूक, हे आज पुरते सांगता येत नाही. चूक ठरण्याचा अधिकारही ज्या ज्ञानाला मिळालेला नाही, त्याला तो मिळवून देणे हे वनस्पतिशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांचे समाईक कर्तव्य आहे.